ओली माती पाठव

३ मार्च

ढब्बू,

साडेआठ वर्षांनी पत्र आलं म्हणून लगेच फाडू नकोस, निदान पहिलं पान वाच. फोन केला असता, पण माझा नंबर दिसला की तू फोन पालथा घालून ठेवतोस हे मला माहीत आहे. कसं माहीत, तर तुझी बायको मला फोन करते. महिन्यातून दोनदा, तू लाकूड आणायला गेलास की. तिच्यावर ओरडू नकोस. तिनं तुझी एकही चुगली केलेली नाही. तुझं वजन वाढलंय आणि पोरीला चष्मा लागलाय, एवढंच सांगते.

परवा म्हणाली की तू घरामागचा उतार कापून तिथे कामाची शेड बांधतोयस. पुढच्या खोलीत रंधा चालतो आणि ताटात भुसा पडतो, म्हणून. ऐकून बरं वाटलं. साऱ्या गावाला दारं-खिडक्या करून देणाऱ्या माणसाला स्वतःच्या कामाला जागा नव्हती, आता होईल. उतारात किती आत जाणार विचारलं तर म्हणाली बारा फूट, आणि खोदाईचं मशीन पंधरा एप्रिलला येणार.

माझं एक छोटंसं काम कर. खणायच्या आधी तिथली थोडी माती मला पाठव. डबाभर पुरे. माझ्या निवृत्तीला अजून सात महिने आहेत, तोवर प्रयोगशाळेत माझं कुणीतरी ऐकतं. तसं विशेष काही नाही. इतकी वर्षं झाली, एकदा बघितलेली बरी.

तू म्हणशील, तपासलेलीच आहे की. एकवीस वर्षांपूर्वी घर बांधताना तूच तपासली होतीस, रिपोर्ट कपाटात प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवलाय, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मी अजून ऐकवतो, "हा माझ्या ताईनं पास केलेला डोंगर आहे." ऐकवतोस ना? हेही मला कळतं. तरी पाठव.

मी कळवेपर्यंत मशीनला त्या उताराला हात लावू देऊ नकोस. आणखी काही ऐकू नकोस माझं, एवढं ऐक.

तुझी ताई


१८ मार्च

ढब्बू,

डबा मिळाला. आत चिठ्ठी नव्हती, पण झाकणावर तुझ्या सुतारी पेन्सिलीनं लिहिलेलं 'मागची माती' वाचलं आणि सगळ्यांसमोर मला रडू आलं. साहेबांनी विचारलं, काय झालं हो. म्हटलं, डोळ्यात धूळ गेली. धूळ होतीच म्हणा, कारण तू ती माती पत्र्यावर वाळवून, कुटून, चाळून, पिठासारखी करून पाठवली आहेस. एक खडा नाही, एक मूळ नाही. चार दिवस तरी लागले असतील तुला.

हे खूळ तुझ्या डोक्यात मीच घातलं. घर बांधताना तू ओल्या मातीचं गाठोडं घेऊन आला होतास आणि फरशीवर चिखल झाला म्हणून मी तुझ्यावर डाफरले होते. त्यातून तू सुतार. न वाळलेलं लाकूड तू हातात धरत नाहीस. आपण ताईचं काम हलकं केलं असंच तुला वाटलं असणार.

पण ही माती माझ्या उपयोगाची नाही रे. का ते सांगते. बहुतेक माती वाळवली आणि पुन्हा भिजवली की होती तशी होते. तुमच्या डोंगराची तशी नाही. तिच्यात चिकणमातीचं एक खनिज आहे, त्याला हॅलोयसाइट म्हणतात. फार मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या बारीक नळ्या दिसतात, कागदाची सुरळी करावी तशा, आणि त्या सुरळीच्या थराथरांत पाणी कोंडलेलं असतं. वाळवली की ते पाणी जातं आणि गेलं की गेलंच. मग वरून बादलीभर ओत, ते आत शिरत नाही. कण एकमेकांना चिकटून रवाळ होतात आणि माती वाळूसारखी मोकळी, गुणी दिसायला लागते. अशी वाळलेली माती तपासली तर ती धादांत खोटी साक्ष देते.

म्हणून ओली माती पाठव. दोन हात खोल खण, ढेकूळ न दाबता काढ, प्लास्टिकमध्ये गुंडाळ, वर ओलं फडकं, मग डब्यात. ऊन अजिबात लागू देऊ नकोस.

मागची तपासणी त्या काळच्या पद्धतीनं झाली होती. आता पद्धती बदलल्या. इतकंच आहे ते.

तुझी ताई


३० मार्च

ढब्बू,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. 'वाळलेली चालत नाही तर तेव्हा कशी चालली? आणि ओली माती अजून पाठवलीच नाही, तर तिच्यात काय आहे ते तुला आधीच कसं माहीत?' शाळेत गणितात तुझी नेहमी बोंब होती, पण इथे तू मला बरोबर पकडलंस.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. मागच्या पत्रात 'त्या काळची पद्धत' म्हटलं ते खोटं आहे. तेव्हाही आमच्याकडे नियम होता की अशी चिकण माती ओव्हनमध्ये घालायची नाही, जमेल तेवढी ओलीच तपासायची. त्या कामाला आठ-दहा दिवस लागत. तुझ्याआधी चाळीस नमुने रांगेत होते. आणि तू बाहेर बाकावर बसला होतास. पावसाआधी पाया भरायचा होता, बायकोला सातवा महिना लागला होता, दर पाच मिनिटांनी तू दारातून डोकावत होतास. मला तुला "उद्या ये" असं म्हणायचं होतं. तुझं काम मी रांग मोडून पुढे घेतलं आणि तुझी माती ओव्हनमध्ये टाकली, एकशेपाच अंशांवर. सकाळी छान रवाळ निघाली. आकडे इतके चांगले आले की मी खूश झाले. सही तेव्हाच्या साहेबांची, आकडे माझे. 'वाळूमिश्रित, कमी चिकट. उतार कापण्यास हरकत नाही.' रिपोर्ट हातात पडल्यावर तू मला उचलून गरकन फिरवलंस आणि माझी एक चप्पल जिन्यावरून खाली गेली, आठवतं?

वाईट हेतूनं केलं नाही. लाडानं केलं. पण लाड तुझे होते, डोंगराला त्याचं काय.

घर एकवीस वर्षं उभं आहे, कारण तू ते पुढे सपाटीवर बांधलंस आणि मागच्या उताराच्या पायथ्याला हात लावला नाहीस. तो पायथा वरच्या सगळ्याचा टेकू आहे. तो बारा फूट कापलास आणि वरच्या मातीत पावसाचं पाणी मुरलं, तर ती नुसती कोसळणार नाही. ती माती हलली की पातळ होते, आणि पातळ झाली की धावते. पळायला वेळ देत नाही.

माझ्या शब्दावर जाऊ नकोस, त्यानं तुला एकदा फसवलंय. स्वतः करून बघ. दोन हात खोल खणून लिंबाएवढं ढेकूळ काढ. घट्ट लागेल, कोरडंच आहे असं वाटेल. ते तळहातावर घेऊन कणीक मळतात तसं मळ. पाण्याचा थेंब घालायचा नाही. शंभरपर्यंत मोज आणि मग बघ हातात काय उरतं ते.

साहेबांना मी काल सगळं सांगितलं आणि लिहूनही दिलं. तुमच्या ओळीतल्या पाचही घरांनी तोच रिपोर्ट वापरला होता. चौकशी होईल. व्हायलाच हवी.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला अजून लिहिता येत नाही. दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं.

तुझी ताई


१६ एप्रिल

ढब्बू,

काल तुझी बायको फोनवर एकाच वेळी रडत होती आणि हसत होती. म्हणाली, यांनी साठपर्यंत मोजलं आणि थांबले. बोटांच्या फटींतून पाणी गळायला लागलं होतं. मग तू तो हात तसाच धरून मागच्या पायरीवर बसून राहिलास आणि जेवायला बोलावलं तरी उठला नाहीस. संध्याकाळी नवं ढेकूळ घेऊन चारही शेजाऱ्यांकडे गेलास म्हणे. कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाईंना वाटलं तू हातचलाखी करतोयस, म्हणून तू बाह्या दंडापर्यंत वर करून दाखवल्यास. मशीनवाल्याला काल सकाळी दारातूनच परत पाठवलंस.

तिनं तुझा निरोपही दिला. "तिला विचार, कधी कळलं."

या मेमध्ये नऊ वर्षं होतील. आईला माझ्याकडे घेऊन गेले तेव्हा.

त्या महिन्यात आम्हाला आठ दिवसांचं प्रशिक्षण होतं. शिकवायला आलेल्या बाईंनी प्रत्येकाच्या हातावर एक ढेकूळ ठेवलं आणि म्हणाल्या, मळा. माझ्या हातातून पाणी गळलं. रंग तोच, पिवळट तांबडा, मधून पांढऱ्या रेघा. पुढच्या रविवारी मी तुझ्याकडे आले. 'सहज' आले म्हणाले होते. तुम्ही सगळे पुढे गप्पा मारत होतात, मी मागे गेले आणि तुमच्या स्वयंपाकघरातल्या चमच्यानं उतार खणला. तो वाकलेला चमचा कुणी वाकवला यावरून तुमचं भांडण झालं होतं ना? मी वाकवला. माती मळली. मग मागच्या नळावर हात धुतले, किती वेळ धुतले कोण जाणे. तू चहा घेऊन मागे आलास आणि म्हणालास, "काय गं, गुप्तधन सापडलं का?" आणि मी म्हटलं, "आईला मी माझ्याकडे नेते. तिच्या गुडघ्यांना तुझ्या या सोळा पायऱ्या झेपत नाहीत."

"सोळा झेपत नाहीत म्हणून तीन मजले चढवायला नेतेस?" तू विचारलंस. आमच्याकडे लिफ्टही नाही.

तुम्हालाही म्हटलं होतं मी. पावसाळाभर सगळेच चला, पोरीला शहर दाखवू. तू म्हणालास, हातातलं काम टाकून कुठे येऊ. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू कारण विचारलं असतंस आणि मला ते सांगावं लागलं असतं. आई खोदून विचारणारी नव्हती, ती उठली आणि आली. म्हणजे जिला न सांगता नेता आलं तिला मी नेलं, आणि तुला, तुझ्या बायकोला आणि बारा वर्षांच्या पोरीला त्या डोंगराखाली ठेवलं. हे वाक्य मी दोनदा फाडलं होतं. आता ठेवते.

ऑक्टोबरात आई गेली. माझ्या जिन्यात उभा राहून तू म्हणालास, "माझ्याकडे धडधाकट होती. तू तिला उपटून नेलीस." मी तोंड उघडलं नाही. तुला वाटलं ताई उर्मट आहे. ताई भित्री होती. नोकरी जाईल म्हणून नाही भ्याले. 'माझ्या ताईनं पास केलेला' हे तू ज्या तोऱ्यात म्हणायचास, तो तोरा जाईल म्हणून भ्याले. नऊ पावसाळे बातम्या लावून बसले आणि तुमच्या गावाचं नाव आलं नाही की हुश्श करून जेवले. असं जगले मी.

आता तुला सगळं माहीत आहे. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, पण जूनच्या आत ते घर सोड.

ताई


१२ मे

ढब्बू,

आमची माणसं तुमच्याकडून ओले नमुने घेऊन आली. तू त्यांना शिडी धरलीस, दोनदा चहा पाजलास आणि माझ्याबद्दल एक शब्द विचारला नाहीस, असा अहवाल मला मिळाला. तपासणी दुसऱ्यांनी केली. चौकशी संपेपर्यंत मला यंत्रांना हात लावायला मनाई आहे. भांडारात बसून जुन्या बाटल्यांना नव्या चिठ्ठ्या चिकटवते. ओव्हनमधून पहिल्या वर्गात पास झालेली तुझी माती ओली तपासल्यावर सपशेल नापास झाली. उतार कापायचा नाही, वरून येणारं पाणी चर खणून बाजूला वळवायचं, आणि पाचही घरं पावसाचे चार महिने रिकामी ठेवायची, असं ठरलं. चार घरं ऐकतायत.

पाचव्यातला शहाणा बायको-पोरीला माझ्याकडे पाठवणार आणि स्वतः हत्यारं राखत बसणार, असं कळलं. भित्रेपणा माझ्या वाट्याला आला आणि हट्ट तुझ्या, आईनं वाटणी अगदी चोख केली.

डोंगर खाली येईलच असं मी म्हणत नाही. कापला नाहीस, तर कदाचित अजून चाळीस वर्षं उभा राहील. मला माहीत नाही. मागच्या वेळी मी ठाम सांगितलं होतं आणि ते चुकीचं होतं. या वेळी ठाम सांगता येत नाही, पण हे खरं आहे. या पावसाळ्यात तू तिथे एकटा आहेस हे डोक्यात घेऊन मला नाही रे राहता येणार. नऊ वर्षं राहिले, आता नाही.

माझ्यावरच्या रागापायी तिथे राहू नकोस. राग इथे येऊन कर. आतली खोली मोकळी केली आहे. तुझं कामाचं टेबल खिडकीखाली बसतं, मी सुतळी लावून मोजलंय. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना ऐकू येत नाही, तेव्हा रंध्याचा आवाज चालेल. माझ्याशी बोलू नकोस. तीन खोल्यांत चार महिने कुणाशी न बोलता राहणं सोपं नाही, पण तुला जमेल.

ये रे.

ताई


२९ जून, सकाळ, स्वयंपाकघरातून

ढब्बू,

तू आतल्या खोलीत, मी ओट्याशी, मध्ये एक भिंत, आणि मी तुला पत्र लिहितेय. हसू नकोस. सवय लागली.

तू आलास त्याला आज सतरा दिवस झाले. हत्यारांच्या चार पेट्या तीन मजले वर आणल्यास आणि एकीलाही मला हात लावू दिला नाहीस. मी समोर बसलेली असताना पोरीला म्हणतोस, "आत्याला सांग, मीठ कमी आहे." ती चष्मा सावरून मला म्हणते, "आत्या, मीठ कमी आहे," आणि मी तिच्याच हाती मीठ पाठवते. तुझी बायको पदर तोंडाला लावून हसते. पण घासणारं दार तू न सांगता तासून दिलंस आणि ओट्याखालचा अडकणारा खण आता एका बोटानं उघडतो. मी सगळं बघते.

आठ दिवस पाऊस थांबलेला नाही. मास्तरीणबाई रोज कुणाला तरी विचारून मला फोन करतात, "डोंगर आहे तसाच आहे हो." परवा, त्यांनी असं सांगितल्यावर, माझ्या मनात आलं की एकदाचा यावा खाली. रिकाम्या घरांवर यावा आणि माझं खरं ठरावं. मग स्वतःचीच शिसारी आली. त्या घरात तुझी एकवीस वर्षं आहेत. राहू दे त्याला उभा आणि ठरू दे मला खोटी.

पण पत्र त्यासाठी नाही. काल जेवताना तू पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघून बोललास. विचारलंस, "आई शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाली होती का?" आणि मी म्हटलं, "शेवटी शेवटी तिला सारखी झोप लागायची रे, फारसं बोलत नसे." तू मान हलवलीस, स्वतःचं ताट विसळलंस आणि आत गेलास. इतकं सगळं कबूल करून झाल्यावरही मी तुझ्याशी खोटं बोलले.

खरं असं आहे. इथे आल्यावर तिसऱ्या महिन्यात मी आईला सगळं सांगितलं. ओव्हन, माती, सगळं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मग आधी त्याला आणायचं. मला कशाला आणलंस?" दुसऱ्या दिवशी तिनं पिशवी भरली. "मला परत नेऊन सोड. मी इथे सुखरूप आहे तोवर तू गप्प बसशील, तुला ओळखते मी. मी तिथे असले की तुला त्याला सांगावंच लागेल." रोज सकाळी ती चपला घालून, पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसायची. रोज मी म्हणायची, उद्या नेते. तू फोन करायचास ना, तेव्हा ती झोपलेली नसायची. हात पुढे करून फोन मागायची, आणि मी तो घेऊन गॅलरीत जायची, कारण तिनं तुला सांगून टाकलं असतं. म्हातारी होती, छाती भरली आणि गेली, ते कुठेही झालं असतं. पण ती मला सोडून चालली होती, तुझ्या छपराखाली राहायला, आणि मी तिला तुझ्याशी दोन शब्दही बोलू दिले नाहीत. ती शेवटपर्यंत तुझ्याबद्दलच बोलत होती.

हे दाराखालून आत सरकवणार होते. पण मग तू कागदाकडे बघणार आणि मी भिंतीआड उभी राहणार, म्हणजे पुन्हा तेच. तुझा रंधा आत्ता थांबलाय. कागद ओट्यावरच ठेवते आणि आत येऊन हे सगळं तुला तोंडानं सांगते.